गुणमालाची चिमी कशी झाली

गुणमाला आज चौपन्न वर्षांची आहे, आणि तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात अशी एकही बाई नाही जिनं तिला आपणहून एखादं गुपित सांगितलं असेल. कुणाची सोयरीक जमतेय, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाच्या घरात भांडण पेटलंय, हे तिला सगळ्यांच्या शेवटी कळतं. बेदाण्याच्या शेडवर वीस-पंचवीस बायका माल निवडायला बसलेल्या असतात, बोलणं रंगात आलेलं असतं, आणि गुणमाला येऊन बसली की सगळ्या एकदम द्राक्षाच्या औषधांबद्दल बोलायला लागतात. कुणी तिचा अपमान करत नाही. चहा देतात, पाटावर जागा करून देतात. फक्त तिच्यासमोर बोलत नाहीत.

याला कारण एक पुस्तक आहे. पुस्तकाचं नाव मी सांगणार नाही. चाळीस वर्षं त्याची जाहिरात चाललीय, त्यात माझी भर कशाला? मुलांची कादंबरी आहे ती. शाळाशाळांतून वाचली जाते, स्नेहसंमेलनांत तिची नाटकं होतात. ती लिहिली आमच्या गावच्या शाळेतल्या मगदूम गुरुजींनी, आणि तिच्यातली चिमी म्हणजे गुणमाला, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं.

मी जोतिबा. फौजेत सतरा वर्षं काढली, हवालदार म्हणून परत आलो, आता ऊस आणि दोन म्हशी बघतो. मीसुद्धा त्या पुस्तकात आहे. मी ‘ढोल्या’. सारखा खात असतो, पळताना धापा टाकतो आणि ऐन मोक्याला शिंकतो. मुलांना ढोल्या फार आवडतो. खोटं कशाला बोलू, मलाही आवडायचा. पार लडाखला एका मराठी पोरानं मला ओळखलं आणि अख्खी पलटण आठवडाभर मला ढोल्या म्हणत होती. मी खूश होतो. चिमीचं काय होत असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

आधी पुस्तकातली गोष्ट सांगतो. सरपंचांचं वरातीचं घोडं म्हातारं होतं, लंगडतं. ते मिरजेच्या बाजारात विकायचं ठरतं. सरपंचांचाच शूर मुलगा रणजित ते सोडवतो आणि ओढ्यापलीकडच्या बंद गुऱ्हाळात लपवतो. सोबत ढोल्या आणि चिमी. गावातले प्रेमळ गुरुजी मुलांच्या पाठीशी उभे राहतात. पण चिमी लोभी असते. सरपंचांच्या बागेतल्या मूठभर बेदाण्यांसाठी ती जागा सांगून टाकते. घोडं जातं. मग रणजित एकटा पायी बाहेर पडतो, वाटेत नाना संकटं येतात, तीन जिल्हे पालथे घालून तो घोड्याला घेऊन येतो. शेवटी ढोल्या आपली भाकरी घोड्याला भरवतो आणि तिथं सगळे टाळ्या वाजवतात. चिमी शेवटच्या पानावर वेशीबाहेर उभी असते. तिला कुणी आत बोलावत नाही.

आता खरं काय झालं ते.

एक्याऐंशी साल. आम्ही चौथीत. सरपंचांचा मुलगा विश्वजित, म्हणजे पुस्तकातला रणजित, त्या आठवड्यात गोवर येऊन घरात पडून होता. घोड्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. भर दुपारी, सरपंचांच्या घरात पानं वाढलेली असताना, गोठ्यातून घोडं सोडलं ते गुणमालानं. दहा वर्षांची पोर. लंगडतं जनावर दोराला धरून तिनं ओढ्यातून पलीकडं नेलं. मी मागून चालत होतो, तेही घाबरत. बेदाणे होते, हे खरं. तिची आई सरपंचांच्या शेडवर निवडायला जायची आणि पदराच्या गाठीला चार दाणे बांधून आणायची. ते गुणमाला मला द्यायची आणि घोड्याला द्यायची. त्याच दाण्यांची पुढं पुस्तकात लाच झाली.

दुसऱ्या दिवशी घोडं खोकायला लागलं. गुणमाला म्हणाली, “गुर्जींना सांगू या. ते काय तरी करतील.” आम्ही दोघं गुरुजींच्या खोलीवर गेलो. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं, दोघांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “काळजी करू नका, मी आहे.” त्याच संध्याकाळी आईनं मला दुकानातून रॉकेल आणायला पाठवलं. सरपंचांच्या दारात गुरुजींची सायकल उभी होती, गुरुजी उंबऱ्यावर हळू आवाजात बोलत होते. त्यांनी वळून बघितलं. मी दिसलो. ते काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही. सकाळी सरपंचांची माणसं सरळ गुऱ्हाळात आली, आणि दुपारी घोडं टेम्पोत चढलं. गुरुजींची जतकडं बदली होणार होती, ती रद्द झाली. त्यानंतर वीस वर्षं ते आमच्याच शाळेत होते.

सायकलीचं मी कुणाला सांगितलं नाही. लहान होतो म्हणून नाही. गुरुजी मला मारत नव्हते, वहीत ‘उत्तम’ लिहायचे, म्हणून. आठ वर्षांनी भरतीला जाताना दाखला हवा होता. गुरुजींनी ‘अत्यंत विश्वासू’ असं लिहून दिलं आणि देताना म्हणाले, “जोतिबा, तू कमी बोलतोस, हे मला आवडतं.” तो कागद मी अजून फाडलेला नाही. फाडायला हवा होता.

पुस्तक आलं पंच्याऐंशीला. गुणमाला तेव्हा चौदा वर्षांची. गावानं आधी हसून घेतलं, मग हसणं थांबलं आणि नाव चिकटलं. गावातल्याच बाळगोंडाशी तिचं लग्न झालं. माणूस भला, पण पहिल्या वर्षी सासूनं शेजारणीला सगळ्यांदेखत सांगितलं, “आमच्या सुनंसमोर जपून बोला, ती पुस्तकातली हाय.” बाळगोंडासुद्धा हसला. त्यात त्याचं काही चुकलं, असं त्याला आजही वाटत नाही.

आणि एक प्रसंग मला गोमटेशनं, तिच्या मुलानं, स्वतः हसत सांगितला. तो आठवीत असताना चाचणीत प्रश्न आला होता : चिमीचे स्वभावचित्र रेखाटा. त्यानं लिहिलं की चिमी लोभी, भित्री आणि विश्वासघातकी आहे. पाचपैकी पाच गुण. पेपरवर पालकांची सही आणायची होती. गुणमालानं सगळं उत्तर वाचलं, सही केली आणि भाकरी थापायला बसली. मुलाला काय सांगणार? पुस्तक छापलेलं, बाईंनी बरोबर म्हटलेलं.

मी तिला एकदा विचारलं होतं, तू कधी ओरडून सांगत का नाहीस? ती म्हणाली, “सांगितलं की. लय सांगितलं पयलं. चुगलखोर बाई म्हणती मी चुगली केली न्हाई, ह्यावर कोण इस्वास ठेवणार रं?”

यंदा पुस्तकाला चाळीस वर्षं झाली. दिवाळीला नवी आवृत्ती निघायची होती, गुरुजींची मोठी प्रस्तावना येणार होती. आणि गुणमालाची नात ब्राह्मी पाचवीत गेली होती. तिच्या शाळेत या कादंबरीचं नाटक बसत होतं. बाईंनी हिला चिमीचं काम दिलं, म्हणे, “तुझ्या घरातच आहे, तुला सोपं जाईल.” पोरगी घरी येऊन रडली. आजीशी दोन दिवस बोलली नाही. त्यानंतर गुणमाला माझ्या दारात आली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं काही मागितलं. म्हणाली, “मला नव्या पुस्तकात गुर्जींकडनं एक वळ पायजे. ‘ते गुणमालानं सांगितलं न्हवतं.’ येवढीच. कुणी सांगितलं ते नगं लिवू देत. माझ्या नातीनं ती वळ वाचाय पायजे.”

गुरुजी आता सांगलीला, विश्रामबागेत बंगल्यात राहतात. पण आम्ही त्यांच्याकडे जाण्याआधी मी एक शहाणपणा करून बसलो. तिथल्याच एका सभागृहात या पुस्तकावर व्याख्यान होतं. वाटलं, चारचौघांत बोलावं. मी एकटाच गेलो. उत्कर्षा नावाच्या प्राध्यापक बाई फार छान बोलल्या. त्यांनी फळ्यावर चार गोल काढले : नायक, गुरू, विदूषक, फितूर. म्हणाल्या, जगातल्या सगळ्या गोष्टींत ही माणसं असतातच. नायक घर सोडतो आणि मोठा होऊन परततो, त्याचा प्रवास त्यांनी बाणानं दाखवला. विदूषक हावरटपणाकडून त्यागाकडं जातो, त्यालाही बाण. गुरू प्रकाशासारखा स्थिर. आणि फितुराला प्रवास नसतो, तो जिथं फितूर झाला तिथंच राहतो. शेवटच्या गोलाला त्यांनी बाण काढला नाही.

माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “बाई, मी ढोल्या.”

सभागृहात जो काही गलका झाला! लोक उठून बघायला लागले, पोरं मोबाइल घेऊन पुढं आली. मी ओरडून म्हणालो, “चुगली चिमीनं केली नव्हती. गुरुजींनी केली.” आणि लोक हसले. पोट धरधरून हसले. बाईंनाही हसू आवरेना, त्या म्हणाल्या, “बघा, ढोल्या अजून तस्साच आहे!” टाळ्या पडल्या. कुणीतरी माझ्या हातात वडा दिला, खाताना फोटो हवा म्हणून. सायकलीपर्यंत मी पोचलोच नाही.

तर मग आम्ही गुरुजींकडं गेलो. गुणमाला आणि मी, एसटीनं. गुरुजी शहात्तरचे आहेत, तब्येत ठणठणीत. त्यांनी आमचं स्वागत केलं, सुनेला चहा टाकायला सांगितला. गुणमालानं पदर सावरत आपलं मागणं सांगितलं. एका ओळीचं. गुरुजींनी डोळे मिटून ऐकलं, तसंच, जसं चाळीसएक वर्षांपूर्वी ऐकलं होतं.

“गुणमाला,” ते म्हणाले, “अगं, कादंबरीला फितूर लागतो. तो नसला तर घोडं गुऱ्हाळातच राहील, गोष्ट पुढं कशी जाईल? त्यात तू नाहीस. ते एक पात्र आहे.”

“मग गुरूच फितूर का नाही केला?” मी म्हणालो.

गुरुजी रागावले नाहीत. ते कधीच रागावत नाहीत. “मुलांचं पुस्तक आहे, जोतिबा. मुलांचा गुरूवरचा विश्वास उडून कसं चालेल?” मग तिच्याकडं वळून म्हणाले, “प्रस्तावना अजून हातात आहे. बघतो काय करता येतं. क्षमावाणीला गावात येतोच आहे मी, तेव्हा बोलू.”

गुरुजी आणि गुणमाला दोघंही जैन. त्यांच्यात भाद्रपदात दहा दिवसांचं दशलक्षण पर्व असतं, उपवास, पूजा, सगळं. ते संपलं की क्षमावाणी. त्या दिवशी बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, सगळे एकमेकांपुढं हात जोडतात आणि वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा मागतात. एकानं मागितली की समोरचाही मागतो. लहान-मोठा, चूक कुणाची, हे बघायचं नसतं. चांगली रीत आहे. मी माझ्या भावाशी अकरा वर्षं बोलत नाही, आमच्यात अशी रीत असती तर बोललो असतो.

परत येताना एसटीत मी तिला बजावलं, “गुणमाला, म्हातारा हात जोडंल, तवा तू हात जोडू नगंस. आधी ती ओळ लिहून घे.”

ती भडकली. “क्षमा काय द्राक्षाचा सौदा हाय व्हय, आधी दर ठरवून मग माल द्यायला? आमच्यात आसं चालत न्हाई. मी मनापासनं हात जोडीन. त्येंचं मन काय दगड हाय?”

दहा दिवस तिनं नुसत्या पाण्यावर कडक उपवास केले. हे सगळं त्या एका ओळीसाठी होतं, हे मला माहीत होतं आणि बस्तीतल्या कुणालाही माहीत नव्हतं. क्षमावाणीला मी पायरीवर उभा होतो. गुरुजी आले, शुभ्र धोतर, लोक बाजूला झाले. ते रांगेनं सगळ्यांना हात जोडत गुणमालापाशी आले. म्हणाले, “जाणता-अजाणता माझ्याकडून काही घडलं असेल तर उत्तम क्षमा.” इतरांना म्हणाले तेच, तेवढंच. आणि गुणमाला, दहा दिवसांची उपाशी, खाली वाकली, त्यांच्या पायांना हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “माझ्याकडनं बी काय चुकलं असंल तर मला क्षमा करा, गुर्जी.” तिचे डोळे भरून वाहत होते. गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. कुणीतरी फोटो काढला. बस्तीतल्या दोन म्हाताऱ्यांनीही डोळे पुसले.

मला वाटलं, झालं. म्हातारा विरघळला. खरंच वाटलं, मी मूर्ख.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पुस्तक आलं. गुरुजींनी स्वतःच्या सहीची प्रत गुणमालाच्या घरी पाठवली. प्रस्तावनेत तिचं नाव होतं. पहिल्यांदाच. आजवर फक्त गाव तिला चिमी म्हणायचं, आता बाहेरच्यांनाही कळणार होतं की चिमी कोण, कुठल्या गावची, कुणाची बायको. शेवटच्या परिच्छेदात गुरुजींनी लिहिलं होतं : ‘ज्या बालिकेवरून मला चिमी सुचली, त्या गुणमालाने यंदा क्षमावाणीच्या दिवशी, भर मंदिरात, माझ्या पायांना स्पर्श करून साश्रू नयनांनी क्षमा मागितली. मी ती केव्हाच केली होती. वाचक मला नेहमी विचारत, चिमीचे पुढे काय झाले? आज सांगतो. चिमी वेशीच्या आत आली. तिचा प्रवास पूर्ण झाला.’ शेजारी तो फोटो. त्यात ती वाकलेली आणि त्यांचा हात तिच्या डोक्यावर.

एक शब्द खोटा नाही. हेच मला सहन होत नाही. तिनं क्षमा मागितली होती, पाय धरले होते, रडली होती. गुरुजींनी फक्त आपण आधी हात जोडले होते तेवढं गाळलं.

आणि तिच्या घरात आनंद. बाळगोंडानं पेढे वाटले. गोमटेशनं ते पान मोबाइलवर सगळ्यांना पाठवलं, खाली ‘माझी आई’ असं लिहून. ब्राह्मीच्या शाळेतून बोलावणं आलं, नाटकाच्या दिवशी चिमी आज्जींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. पोरीचं रडणं थांबलं, आता ती चिमीचं काम हौसेनं करायला तयार झाली, कारण चिमी शेवटी चांगली होते.

त्या दिवशी गुणमाला पुस्तक घेऊन माझ्या अंगणात आली. बसली नाही.

“मागितल्याली क्षमा माघारी घ्याय येती का रं?”

“मला काय माहीत? तुमच्यातलं आहे ते.”

“न्हाई येत. इचारलं मी. आता खरं सांगाय गेलं तर म्हणतील, भर बस्तीत कबूल केलंस की. पयलं लोक नुसतं म्हणत हुते. आता मीच म्हणल्यागत झालं. माझी नात बी आता तेच म्हणणार, जलमभर.”

मला राहवलं नाही. जे सभागृहात राहून गेलं होतं ते मी तिथं सांगितलं. रॉकेलची बाटली, सरपंचांचं दार, गुरुजींची सायकल, त्यांनी वळून मला बघितलं ते. दाखल्याचंही सांगितलं. मला वाटत होतं, एवढं सांगितलं की तिला जरा बरं वाटेल, निदान एक साक्षीदार मिळेल.

“तू बघितलं हुतंस?”

“व्हय.”

“त्याच दिवशी?”

“व्हय.”

“मला वाटायचं, जोतिबा कायबी बघितल्याबिगर माझ्यावर इस्वास ठेवतोय. गावात येक तरी माणूस हाय म्हणायची मी. तुला तर ठावंच हुतं.” तिचा आवाज चढला नव्हता. “चौथीत बोलला असतास तर पुस्तकच निघालं नसतं, जोतिबा.”

मी जैन नाही, पण मला दुसरं काही सुचलं नाही. मी हात जोडले आणि त्यांच्यातलं ते वाक्य म्हणालो, “जाणता-अजाणता माझ्याकडून काही घडलं असेल तर...”

“आजाणता न्हवं,” ती म्हणाली.

“गुणमाला, उत्तम क्षमा.”

“न्हाई,” ती म्हणाली, आणि पुस्तक कट्ट्यावर ठेवून निघून गेली.